मुलखाचा पारा आणि बाळकुमचा धक्का

सकाळी अकरा. ठाण्याच्या कलेक्टर कचेरीचा व्हरांडा. बाकावर मी, शेजारी बाळकुमचे मिठागरवाले पास्कू पाटील, आणि त्यांच्या मांडीवर एक अर्ज.

कचेरीच्या बातम्या लिहिता लिहिता माझे केस पिकले. जे छापलं ते लोक विसरले, मीही विसरलो. छापता आलं नाही त्याचा मात्र डोक्यात ढीग झालाय. एक काढायला जावं तर चार घरंगळत येतात. हा ढीग एकट्या एका साहेबाच्या कारकिर्दीचा. साहेब आता विलायतेस परतलाय, तेव्हा भीड बाळगायचं कारण उरलं नाही. आधी बाळगली होती असंही नाही.

पास्कूंचा अर्ज साधा होता. गेल्या पावसाळ्यात बाळकुमचा धक्का खाडीनं नेला. धक्का नाही म्हणून होडी काठाला लागत नाही, चिखलात रुतते. पुढचा पाऊस पडायच्या आत मीठ हललं नाही तर आगरातल्या राशी विरघळून आल्या वाटेनं परत खाडीत जाणार, आणि त्यांच्याबरोबर गावाचं वर्षाचं जेवण. सरकारनं धक्का बांधून द्यावा, इतकंच मागणं.

"मीठ बैलगाडीनं न्या ना," हेडक्लार्क गुंडोपंत म्हणाले.

"पंत, आगरातून गाडीवाट कंची? चिखलान बैल कंबरेपरत जातो. आन् मिठाला काय पाय हायत, चालत जावाला?"

एवढ्यात साहेब बाहेर आला. साहेब मराठी छान बोलायचा. काय बोलायचं हा प्रश्न निराळा. आपण एक शास्त्रीय यंत्र तयार केलं असून त्याचं नाव इंडेक्स, असं त्यानं सांगितलं. कल्याणच्या नाक्यावरच्या गाड्या, बंदरातल्या होड्या आणि कारागिरांचं काम, असं सगळं मोजून दर आठवड्याला एकच आकडा काढायचा. तो मुंबईला जाणार. बाकीच्या जिल्ह्यांनीही असंच केलं, की अख्ख्या हिंदुस्थानचा उद्योग कसा चाललाय ते लाटसाहेबाला चहा पिता पिता कळणार.

"डॉक्टर नळीतल्या पाऱ्यावर ताप बघतो, तसा हा मुलखाचा पारा म्हणायचा," पंत म्हणाले. तेच नाव पडलं.

"आणि शंभर कशाला धरायचं?" मी विचारलं. कॉलेजात शिकलो होतो, तेवढं विचारायची अक्कल होती.

"मी इथे आलो ते वर्ष शंभर."

"आणि तुमच्या आधी?"

"शंभराच्या खाली," साहेब म्हणाला. अजून मोजलं नव्हतं, तरी त्याला माहीत होतं.

* * *

पहिल्याच महिन्यात पारा असा चढला की साहेबानं कचेरीत पेढे वाटले. कल्याणच्या नाक्यावर मुरबाडकडून गाड्यांची रांग लागली होती.

मी स्वतः नाक्यावर गेलो. पहिल्या गाडीत नवरी मुलगी, मागच्या गाड्यांत वऱ्हाड. नाक्यावरचा कारकून मुलीच्या बापाला विचारत होता, "गाडीत माल काय?"

"माल? माझी पोरगी आहे ती."

"बरं, आणि मागच्या गाड्यांत?"

"सोयरे."

कारकुनानं सगळ्यांवर 'किरकोळ माल' असा शेरा मारला. मुलीची आत्या खाली उतरून त्याच्याशी भांडली. तिचं म्हणणं, बाकीच्यांचं काय लिहायचं ते लिहा, मी किरकोळ नाही.

मी यावर लेख लिहिला. साहेबानं वाचला आणि म्हणाला, "लग्नं होतात म्हणजे भरभराट आहेच की."

मग लग्नं थांबली. नाका ओस पडला, पारा धाडकन उतरला. साहेबाला झोप लागेना. मँचेस्टरच्या गिरण्यांचा संप, चीनमधलं अफूचं गिऱ्हाईक, सगळ्या शंका घेऊन झाल्या. शेवटी त्यानं पंतांना बोलावलं.

"साहेब, शुक्राचा अस्त आहे," पंत म्हणाले. "शुक्र आकाशात दिसत नाही तोवर लग्नं नाहीत."

साहेबानं तेच मुंबईला लिहिलं: ठाणे जिल्ह्यातील व्यापार शुक्र ग्रहामुळे मंदावला आहे. मुंबईचं उत्तर आलं की शुक्राच्या बाबतीत योग्य ती कारवाई जिल्हा पातळीवरच करावी.

* * *

या सगळ्यात पास्कू पाटील दर आठवड्याला येत होते. बाळकुमहून ठाण्याला, भर उन्हात, अर्ज घडी घालून टोपीत ठेवलेला.

पारा चढला होता तेव्हा साहेब म्हणाला, "व्यापार उत्तम चालला आहे. धक्क्यावाचून काही अडलेलं दिसत नाही."

पारा उतरला तेव्हा म्हणाला, "व्यापारच नाही, तर धक्का कशाला?"

पास्कू बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले. "पत्रकर्ते, हा पारा कुठं थांबला म्हंजे धक्का मिलतो, तेवढा इचारून सांगा."

मी दुसरा लेख लिहिला. संपादकांनी त्यातली विशेषणं काढली आणि उरलेल्या चार ओळी हवामानाखाली छापल्या.

* * *

कारागिरांचं काम मोजायचं राहिलं होतं. कल्याणात गिरणी नाही. तिथला धंदा भात सडण्याचा. घरोघर बायका उखळात मुसळानं भात कांडतात आणि तो तांदूळ मुंबईपर्यंत जातो. साहेबानं एक कारकून धाडला: गल्लीत बस, आणि किती मुसळं चालतात ते ऐकून मोज.

कारकून सकाळी गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला आणि गल्ली चिडीचूप झाली. दुपारपर्यंत एक मुसळ वाजलं नाही. शेवटी गंगूबाई नावाच्या बाईनं दार किलकिलं केलं.

"अहो, तुमचं काही हरवलंय का?"

"नाही बाई. तुमचा उद्योग मोजतोय."

"मग उठा इथून. परका पुरुष दारात कान लावून बसल्यावर पदर खोचून मुसळ कोण उचलणार? तुम्ही गेलात की लागतो कामाला."

"पण मी गेलो तर मोजणार कसं?"

"मोजायला तुमच्या साहेबाच्या मडमेला पाठवा. तीही दोन हात मारील."

कारकुनानं 'शून्य' लिहिलं. तो पुन्हा गेला, पुन्हा शून्य. कल्याणात कोणताही उद्योग चालत नाही, असा अहवाल साहेबानं लिहिला. दुपारी कल्याणच्याच तांदळाचा भात जेवला आणि उरलेला अहवाल पुरा केला.

* * *

उन्हाळा संपत आला. बाळकुमच्या राशींवर गवताची शाकारणी घालून लोक आभाळाकडे बघत बसले होते. मी कचेरीत पंतांपाशी गेलो आणि आठवड्याचा पारा वाचून दाखवा म्हणालो. पंत वाचू लागले. कल्याण बंदर, होड्या इतक्या. ठाणे बंदर, इतक्या. बाळकुम बंदर...

"थांबा," मी म्हणालो. "बाळकुमला धक्का नाही. होड्या कुठून सुटतात?"

पंतांनी चष्मा पुसला. "हे बघा, एक रकाना रिकामा राहिला तर बेरीज अडते. गेल्या वर्षी ज्या सुटत होत्या त्याच सोडतो. नेमानं सोडतो हो, एक आठवडा चुकवला नाही."

तिसरा लेख मी रागानं लिहिला आणि संपादक गावाला गेलेले असताना छापला. साहेब भडकला. सरकारी आकडा खोटा ठरवतो म्हणजे काय? त्यानं चौकशी लावली आणि हुकूम सोडला: बाळकुमच्या होड्या हाकणाऱ्या तांडेलास समन्स काढून साक्षीला हजर करा.

मी खूष झालो. जी होडीच नाही, तिचा तांडेल कुठून येणार? चौकशीच्या दिवशी पंत पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते. पास्कू शेवटची आशा म्हणून रविवारचे कपडे घालून आले होते. पट्टेवाल्यानं दारात पुकारा केला, "बाळकुम बंदरचा तांडेल हाजिर है?"

"हाय," मागून आवाज आला.

लाल टोपीचा एक उंच माणूस पुढे येऊन उभा राहिला. पास्कूंनी छातीवर क्रूस काढला.

"तुझी होडी दर आठवड्याला बाळकुमच्या धक्क्यावरून सुटते?" साहेबानं विचारलं.

"सुटतं, साहेब."

"धक्का वाहून गेलाय," मी उठून म्हणालो.

"पत्रकर्ते, होडी तुम्ही चालवता का हा चालवतो?" साहेब म्हणाला. "खाली बसा."

"सुटतं, पन," तांडेल पुढे म्हणाला, "धक्का लय वंगाल झालाय. दगड निसटलेत, मानूस घसरतो. आठ दिसांत दुरुस्त नाय केलाव, तर मी होडी बंद करनार."

साहेबाचा चेहरा उतरला. "बंद? मग पारा खाली येईल."

"तो तुमी बघा."

साहेबानं तिथंच, उभ्या उभ्या, दुरुस्तीचा हुकूम लिहिला. दुसऱ्या दिवशी गवंडी बाळकुमला पोचले. दुरुस्त करायला काही सापडेना म्हणून त्यांनी नवा धक्का बांधला. पाऊस यायच्या आत मीठ गेलं.

माझे तीन लेख आणि पास्कूंच्या दर आठवड्याच्या खेपा एका पारड्यात, आणि कधीच न सुटलेल्या होडीचा तांडेल दुसऱ्या. मी पास्कूंना गाठलं. "तुमचाच माणूस ना?"

"येशूची आन. आमचे गावान असा कोन नाय. मना वाटलं तुमचा."

पंत मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "उपकार झाले, पत्रकर्ते. कुठून आणलात हो त्याला?"

मी पट्टेवाल्याला विचारलं, समन्स दिलंस कुणाला? तो म्हणाला, कागदावर पत्ता होता 'बाळकुम बंदर, धक्क्यावर', तिथं नेऊन तांडेलाच्या हातात दिलं.

त्या दिवशी त्या पत्त्यावर नुसतं खाडीचं पाणी होतं.