कडूबामामाची दोन बोटं

मत्स्य खात्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप जाळ्यात येतात! त्यातले निम्मे हर्सूलच्या पुढच्या एका तलावाचे आणि त्याच्या राखणदाराचे, म्हणजे कडूबामामाचे. दुष्काळात तलावाचा नुसता डोह उरला होता. अंड्यावर आलेली सगळी मरळ त्यात कोंडलेली. ती संपली तर पाऊस पडूनही गावाला मासा मिळणार नव्हता.

*

बारीक जाळ्याला बंदी. मोजायची पट्टी आमच्या जीपमधून हरवली. मामा म्हणाला, "जाळ्याच्या भोकात माझी दोन बोटं गेली तर सोडा, अडकली तर जप्त!" नव्या साहेबांनी नवी पट्टी आणून ताडून पाहिलं. माप बरोबर! मामा म्हणाला, "पट्टी हरवती सायब, बोटं नाय."

*

जवळच्या शहरात जिकडेतिकडे बोअर आणि विहिरी चालू, त्यामुळे सुरुंगाचं जिलेटिन कुणाकडेही; पाण्यात एक बार उडवला की मासे मरून वर. एकाला आम्ही कांड्यांसकट डोहाच्या काठावर धरला.

"विहीर खोदतोय सायब!"

"तलावात?"

"इथं पाणी लागायची गॅरंटी हाय ना!"

*

दुसरा ब्लीचिंग पावडरचं पोतं घेऊन आला; तीही पाण्यात पडली की मासे मरून तरंगतात. म्हणे, "टँकर भरतेत इथून. पाणी साफ करतो."

मामानं तांब्याभर पाणी घेतलं, त्यात मूठभर पावडर टाकली आणि तांब्या पुढं केला. "मंग आधी तू पी."

गडी पोतं तिथंच टाकून पळाला.

*

आणि मग अधिक महिना आला. मामाचा जावई धोंड्याच्या जेवणाला आला आणि सकाळीच डोहात जाळं टाकून बसला. सासऱ्याच्या तलावावर आपल्याला कोण हटकणार, ही खात्री! मामानं जाळं ओढलं, बोटं घातली. अडकली.

खरं सांगतो, मीच म्हणालो, "मामा, राहू द्या. तीन वर्षांनी येणारा सण आहे."

मामानं मला आपल्या घराच्या दारात उभं केलं. जावयाला पाटावर बसवलं, ताटात पाय धुतले, कुंकू लावलं, नवे कपडे दिले, पोटभर जेवू घातलं. मग हात पुसत बाहेर आला. "सायब, आता लिवा पंचनामा. साक्षीदार मी."

माझी छाती अशी फुगली की खिशातलं पेन सापडेना!

जावई उठून ओरडला, "मामा, मी तुमचा जावई हाय!"

"व्हय," मामा म्हणाला, "म्हणून तर आधी पाय धुतले."