हात उचल

दुसऱ्याचा आवाज काढायची खोड मला शाळेपासूनची. एकदा हेडमास्तरांच्या आवाजात "आज सुट्टी!" म्हणून वरडलो, तर निम्मी शाळा घरी गेली. नंतर लई मार खाल्ला, ते जाऊ द्या. मोठा झाल्यावर नांदेडात, विष्णुपुरीच्या रोडला, गाड्या पॉलिश करायच्या दुकानात लागलो. दुकान उस्तादांचं. काय आवाज होता त्यांचा! घोगरा, वरून दख्खनी, पत्र्यावर वाळू वतल्यावानी. दोन दिवसात उचलला मी.

त्यांचं एक वाक्य दिवसातून शंभरदा यायचं, "हात उचल!" मशीन एका जागी जरा जास्त फिरली की कलर तापतो, अन् तापला की जळतो. म्हणून उस्ताद मधीमधी पत्र्याला उलटा हात लावायचे, लेकराचा ताप बघितल्यावानी, अन् वरडायचे. मी लांबून त्यांच्या आवाजात "हात उचल!" म्हणलं की मशीनवरचा गडी दचकायचा, अन् पॅडवरचं कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, त्याच्याच थोबाडावर उडायचं. उस्ताद मला शिव्या घालायचे. अन् गुपचूप हसायचे पण.

पॅड निवडायचं त्यांचं गणित सोपं होतं. "पहले नरम, मियाँ. नरमनं भागलं तर कडकला हात लावायचा न्हाई." पिवळा स्पंज अन् बारीक पॉलिश घेऊन आधी वीतभर जागा करून बघायची. ओरखडे गेले तर सगळी गाडी त्याच्यावरच. न्हाई गेले तर जाड कंपाउंड. लोकरीचा पॅड एकदम शेवटी, कारण लोकर चमक लवकर आणती पण कलर खाती. कलरवरचा पारदर्शक थर कागदाएवढा. खाल्ला की गेला.

मग उस्तादांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटीच काढली. चार महिन्यांनी दुकानात आले ते गळ्याला रुमाल बांधून. रुमालाखाली भोक, श्वास तिथूनच यायचा, बारीक शिट्टी मारल्यावानी. गिऱ्हाईक यायचं, काहीतरी विचारायचं, उस्ताद हातवारे करायचे, अन् गिऱ्हाईक "येतो मग" म्हणून पुढच्या दुकानात जायचं. दुकान बसत चाललं होतं.

त्यात लातूरहून अप्पा आले. डाळमिलवाले, कपाळाला भस्म, जुनं गिऱ्हाईक. गाडी काळी कुळकुळीत, पोराच्या लग्नाच्या वरातीची. गाडीवर उन्हात ओरखड्यांचं जाळं दिसत होतं.

"उस्ताद, आरशावानी झाली पाहिजे बघा," अप्पा म्हणले. "लग्नाला सगळा लातूरचा मोंढा, सगळे आडते-व्यापारी येणार हायेत. चांगली झाली तर त्यांच्या गाड्याबी हिकडंच धाडतो. न्हाई तर पोरगं म्हणतच होतं, लातूरलाच करू म्हणून."

दुकान ह्या एका गाडीवर आलं होतं. उस्तादांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं, मग माझ्या तोंडाकडं केलं.

"तुमच्या आवाजात बोलू?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"बैठो अप्पा, आपलीच दुकान हाय," मी म्हणलं. अप्पांचा चहाचा कप हातातच थांबला. त्या आवाजाला पहिल्यांदाच कुणी हसलं न्हाई. अप्पा जवाब द्यायचे ते उस्तादांकडं बघून, जणू तेच बोलून राहिले.

"दुपारी निघायचंय, उस्ताद. होईल?"

"तीन वाजता चावी घ्या."

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. पण आवाज एकदा सुरू झाला की मला आवरत न्हाई.

त्यांनी पिवळा स्पंज माझ्या हातात दिला. मग गाडीभोवती फिरले, उलटा हात फिरवत. डाव्या दरवाजापाशी थांबले अन् दोन बोटं चिमटीवानी जवळ आणून दाखवली.

"ह्या दरवाजाला थोडंच काम हाय, अप्पा," मी त्यांच्या आवाजात सांगून टाकलं. उस्ताद मान हलवत होते, न्हाई न्हाई म्हणून. मी अप्पांकडं बघत होतो.

चिमटीचा अर्थ "थोडं" नव्हता. "पातळ" होता. तो दरवाजा आधी कुणीतरी घासलेला होता अन् थर संपत आला होता, हे मला मागून समजलं.

उस्ताद छत करायला लागले अन् मी बॉनेट. तीनची जबान दिलेली. स्पंजानं उरकंना म्हणून मी लोकर चढवली, जाड कंपाउंड लावलं. बॉनेट आरसा झालं. मग मी फुगलो. तसाच दरवाजावर गेलो. मशीनचा आवाज एवढा की मागं काय चाललंय ते कळत नव्हतं. उस्ताद पान्यानं डबडं बडवत होते, हे मला नंतर कळलं. शेवटी त्यांनी पळत जाऊन बटण बंद केलं. मशीन थांबली तेव्हा त्यांच्या गळ्यातली शिट्टी तेवढी ऐकू येत होती. अन् जळका वास. दरवाजाच्या कडेला बोटभर राखाडी पट्टा. काळ्या गाडीवर.

अप्पा वरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणले, "उस्ताद, तुम्हीच म्हणलाव ना, थोडंच काम हाय?"

ते मी म्हणलो होतो, हे माझ्या आवाजात सांगायचं सोडून मी मशीनची वायर गुंडाळायला लागलो.

उस्तादांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून होकाराची मान हलवली. हाव. मीच म्हणलो.

दरवाजा परत कलर करून देतो म्हणून त्यांनी हातानं सांगितलं. अप्पा नको म्हणले, अन् पट्टा तसाच घेऊन गेले. मोंढ्यातली एकबी गाडी आली न्हाई.

आठ दिवसांनी एक जण आला, चुकून आल्यावानी. मी सवयीनं त्याच घोगऱ्या आवाजात म्हणलं, "या—"

उस्तादांनी माझ्या तोंडावर उलटा हात ठेवला. पत्रा तापलाय का बघतात तसा. बराच वेळ तसाच. मग उचलला.