बिडी सोडण्याचे दोन आणे

रहमानचाचांनी पहिल्याच भेटीत माझं तोंड हुंगलं. आलापल्लीच्या पुढे जंगलात एका ठेकेदाराचा लाकडाचा अड्डा होता. तिथे मी कारकून म्हणून रुजू व्हायला आलो होतो आणि ट्रंक अजून हातातच होती. पांढऱ्या दाढीचा एक उंच म्हातारा जवळ आला, माझ्या तोंडाशी नाक आणून त्याने मोठ्ठा श्वास घेतला आणि म्हणाला, "नाई पीत तू. चांगलं आहे. पन मंग तुले माह्याकडून काई भेटनार नाई." मी नागपूरचा, चार बुकं शिकलेला. असा चक्रावलो की नमस्कार करायचाही राहून गेला.

मग हळूहळू उलगडा झाला. चाचा अड्ड्यावरच्या करवतींना धार लावत. जो मजूर बिडी सोडेल त्याला ते स्वतःच्या पगारातून रोज दोन आणे देत. त्यांचा धाकटा भाऊ करवत ओढणारा होता. खोकून खोकून, छाती भरून तो गेला. घरी मागे कोणी उरलं नव्हतं. "मी पैशे कोनासाठी ठेवू, बाबू? याईच्या छातीत ठेवतो," असं ते म्हणत. चहूकडे तेंदूच्या पानांचं जंगल, बिडी जवळजवळ फुकट, आणि हा माणूस ती सुटावी म्हणून पगार उधळतो! मला तर तो शुद्ध वेडेपणा वाटायचा.

संध्याकाळी काम सुटलं की मजूर चाचांपुढे रांगेत उभे राहत. कोणी कडुनिंबाचा पाला चावून येई, कोणी कच्चा कांदा खाऊन. चाचा तोंड सोडून सरळ बोटं हुंगत. "तोंड खोटं बोलते. बोटाले नाई येत खोटं बोलता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पकडला गेलेला हसत पळत सुटे आणि चाचा त्याला मनसोक्त शिव्या घालत.

खरी बिडी सोडली ती सोमाने. सोमा तिशीचा गोंड, अबोल. खड्ड्यावर सागाचा ओंडका आडवा टाकायचा, एकाने वर चढायचं, दुसऱ्याने खड्ड्यात उतरायचं आणि दोघांनी करवत ओढून फळ्या पाडायच्या, असं ते काम. सोमा खालचा. सगळा भुसा त्याच्या नाकातोंडात जायचा, वर बिडी. त्याचा खोकला ऑफिसपर्यंत ऐकू यायचा. बिडी सुटली आणि दीड-दोन महिन्यांत तो खोकला थांबला. साठलेल्या आण्यांतून त्याने बायकोला लुगडं घेतलं. चाचांचा आनंद काय वर्णावा! येईल त्याला सांगत, "सोमाची छाती पाहा. नवा ढोल आहे!"

पण अड्ड्यावर एक रिवाज होता, तो आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नाही. बिडी ओढायला कोणीही घटकाभर बसू शकत होता. नुसतं थकलो म्हणून बसायची मात्र सोय नव्हती. पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायचं. सोमाचा जोडीदार बिडीला बसला की मुकादम सोमाला दुसऱ्या खड्ड्यात उतरवी, कारण तिथलाही एक जण बिडीला बसलेला असे. तो उठला की तिसऱ्या. हे मी ऑफिसच्या सावलीतून रोज पाहत होतो. मुकादम हुशार आहे, एवढंच मला वाटलं होतं. आज हे लिहिताना लाज वाटते.

मे महिन्यातल्या एका दुपारी सोमा असाच तिसऱ्या खड्ड्यात उतरला आणि करवतीची मूठ हातात असतानाच कोसळला. आम्ही त्याला वर काढलं, डोक्यावर पाणी ओतलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं आटोपलं.

चाचा धावत आले. त्याच्या छातीवर कान ठेवून बसले. "साफ आहे ना छाती! मंग काऊन गेला? काऊन गेला हा?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

मुकादम पार भांबावला होता. तो काही दुष्ट माणूस नव्हता, आणि म्हणूनच त्याचं बोलणं ऐकून मी हादरलो. "बसाचं होतं त बिडी मांगाची होती ना," तो म्हणाला. "मी कोनाले नाई म्हनलं का आजपर्यंत?"

तेव्हा सोमाचा जोडीदार खाली मान घालून बोलला. "काल म्हने तो, एक बिडी पेटवतो अन् नुसता धरून बसतो. मंग म्हने, नको. चाचा बोटं हुंगते."

चाचांच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही. ते उठले आणि चालत आपल्या खोपटात गेले.

दोन दिवस ते बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कानस घेऊन खड्ड्यांपाशी आले. "धार गेली. साऱ्या करवती द्या."

"चार दिवसांआधीच त लावली ना, चाचा?" मुकादम म्हणाला.

"करवतीचं तुले समजते का मले?"

करवतीच नाहीत म्हटल्यावर सगळे झाडाखाली बसले. ओढणाऱ्यांनी बिड्या पेटवल्या, न ओढणारे नुसतेच पाय पसरून बसले. पाव तासाने चाचांनी करवती परत दिल्या. दुपारी तीनला पुन्हा तेच. मी तिथे होतो तोवर हा नेम एक दिवसही चुकला नाही. मी जवळून पाहिलं आहे, कित्येकदा कानस दातांना लागायचीही नाही. चाचा मांडीवर करवत घेऊन नुसते बसलेले असत.

दोन आणे मात्र त्यांनी पुन्हा कोणालाच दिले नाहीत. एकदा मी धीर करून विचारलं, "चाचा, ते का बंद केलंत? त्याची बिडी तर खरंच सुटली होती."

त्यांनी झाडाखालच्या माणसांकडे पाहिलं.

"मी सोमाले पैशे देल्ले, बाबू," ते म्हणाले. "खाली बस, असं नाई म्हनलं."