समोर बसून शिकायची चांदणी

मी डावरी. हे चारचौघांत बोलायचं नाही, असं आमच्या घरात ठरलेलं होतं. जेवताना, वाढताना, कुंकू लावताना उजवा हात; तो मारूनमुटकून मी वळवलाही. सुई मात्र डाव्या हाताशिवाय माझं ऐकत नसे.

शिंपीकाम करणाऱ्या दर्ज्याच्या बायकोला सारा गाव खाला म्हणे. तिच्या ओट्यावर मी चांदणीचा टाका शिकले तेव्हा अकरा वर्षांची असेन. निजामाचं राज्य होतं. पोरीला उजव्या हाताची सवय लावा, असं माय सांगायला गेली तर खाला हसली. "उल्टे हाथ की है तो क्या हुआ, टांका तो सीधा पड़ रा ना?" तिनं मला शेजारून उठवून समोर बसवलं. ती उजव्या हातानं काढी, मी आरशात बघितल्यासारखी डाव्यानं. दोसुतीच्या कापडावर आठ बाजूंनी आठ धागे घ्यायचे आणि आठही मधल्या एकाच छिद्रात उतरवायचे. एखादा ढिला राहिला की चांदणी फेंगडी दिसे, आणि खाला ती उसवायला लावी.

माझा रुमाल भरून झाला त्याच सुमारास अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, जांब गावचे पाहुणे बघायला येणार असं ठरलं. मुलगा अक्कानं रामनवमीच्या जत्रेत पाहिला होता आणि तो तिच्या मनात भरला होता. हे फक्त मला माहीत होतं. अक्काला शेतातलं कुठलंही काम सांगा. सुई म्हटली की तिच्या कपाळाला आठ्या. माय म्हणाली, "रुमाल थोरलीनंच भरला म्हणून दाखवू. तू तिला एक चांदणी शिकव. कुणी काढ म्हणलं, मंग?"

मी शिकवलं. आठ दिवस दुपारी कडब्याच्या गंजीच्या सावलीत, शेजारी शेजारी बसून. माझे हात चालत तसे ती आपले चालवी. माझ्या लेखी डावा हात हाच सुईचा हात, त्यामुळे काही चुकतंय हे मला कळलंच नाही. मायनं फक्त चांदणी पाहिली आणि खूश झाली.

पाहुणे आले. रुमाल हातोहात फिरला. मुलाच्या आत्यानं तो उलटून मागची बाजूही तपासली. "काम बराबर हाय. एक काढून दाखव बरं, पोरी."

अक्कानं सुई ओवली, मान खाली घातली आणि डाव्या हातानं पहिला धागा ओढला. मायचा चेहरा उतरला.

"पोरगी डावरी हाय व्हय?" आत्या म्हणाली. "वाढती बी ह्याच हातानं?"

अक्का थांबली. खरं सांगितलं असतं तर मायचं खोटं उघडं पडलं असतं आणि मी डावरी आहे हे पंचक्रोशीत माहीत झालं असतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"व्हय, मी डावरी हाय," ती म्हणाली, आणि चांदणी पुरी केली. आठही धागे बरोबर मधोमध उतरले होते.

पाहुण्यांनी सुपारी घेतली, कळवतो म्हणाले आणि उठले. कळवलं नाही.

पुढच्या वर्षी अक्काला कुंभार पिंपळगावात एका बिजवराला दिली. तिची कीर्ती आधीच तिथं पोचली होती. सासू वर्षभर तिच्या हातावर डोळा ठेवून होती, आणि अक्का जन्मापासून वाढायची तशीच उजव्या हातानं वाढत होती. "सुनेची खोड मी मोडली," असं सासूबाई बाजारात भेटेल त्याला सांगत. अक्कानं त्यांना शेवटपर्यंत सांगू दिलं.

माझं लग्न विनासायास झालं. मी डावरी असल्याचं सासरी दोन मुलं झाल्यावर कळलं आणि कुणाचं काही अडलं नाही. तेव्हापासून मला अक्काचा राग येतो. स्वतःचा तर येतोच. खालानं मला समोर बसवलं होतं, मी अक्काला शेजारी बसवलं.

एकदा तिच्या ओसरीवर तूर निवडताना मी विचारलंच, की तेव्हा खरं का नाही सांगितलंस.

सूप खाली न ठेवता ती म्हणाली, "तुझं व्हायचं व्हतं ना अजून."