पहिली माळ

परातीत कणीक अर्धीच भिजली होती, तोच दारात सृष्टी उभी. भागुबाईंची नवी सून, सिन्नरहून आलेली.

"मावशी, चला ना देवळात. सासूबाई ओरडल्या माझ्यावर."

"का गं?"

"उद्याच्या घटाची पहिली माळ ओवायला बसले, तर हातातली सुईच काढून घेतली."

गोजराबाईंचे हात पिठातच थबकले. हातातली सुई जाणं त्यांना ठाऊक होतं. त्यांचे मालक, लहानूभाऊ, गेले त्या वर्षी याच भागुबाईंनी याच देवळात त्यांची सुई काढून घेतली होती. "राहू दे गं. सवाष्णीचं काम हाय." झेंडू त्यांच्याच शेतातला, आणि त्या मात्र उंबऱ्याबाहेर!

पुढल्या नवरात्रात शेजारच्या सविताने फुलांची पाटी थेट त्यांच्या ओट्यावर आणून ठेवली. "देवी आई आहे ना? कुंकू पुसलं म्हणून आई लेकीला परकी करते होय?" गोजराबाईंनी डोळे पुसत पहिली माळ ओवली, सविताने देवळात नेऊन बांधली. दोघीतिघींनी प्रसाद घेतला नाही. भागुबाई तर म्हणाल्या, "वस्तीवर कोप व्हईल, बघा!" कोप काही झाला नाही. देवी होती तशीच प्रसन्न. पुढल्या वर्षी आणखी एकीने त्यांच्याच ओट्यावर पाटी आणली, मग आणखी एकीने. सभा नाही, भाषण नाही. दरसाल कुरकुर तेवढी कमी होत गेली.

आता भागुबाईंनी सुनेलाही उठवलं, म्हणजे पहिली माळ स्वतःच ओवणार की काय? हात धुऊन त्या निघाल्या.

भागुबाई फुलांच्या ढिगापाशी बसल्या होत्या, सुई हातात तशीच.

"आलीस का बाई! ह्या पोरीला सांग जरा. पहिली माळ तुझी, मग बाकीच्यांच्या. आपल्या वस्तीची रीतच हाय ती, पहिल्यापासनं!"

"पहिल्यापासनं?" कोपऱ्यातून सविता खोकली.

"मग! माझ्या सासूच्या टायमापासनं!"

गोजराबाईंनी पदराआड हसू दडवलं. आठवण करून द्यावी असं क्षणभर वाटलं. पण देवीपुढे कुणाचा पाणउतारा कशाला? काल जिच्यामुळे कोप होईल म्हणत होत्या, तीच आज भागुबाईंच्या सासूची रीत झाली होती. याहून चांगला कौल देवीने तरी कोणता द्यायचा?

त्यांनी सुई घेतली, सृष्टीला जवळ बसवलं. "दुसरी तुझी. घाई नको करू, फूल फाटतं."

माळ निम्मी झाली आणि दोरा संपला. गोजराबाई उठल्या. वस्तीवरल्या राजच्या दुकानातून दोऱ्याचं रीळ आणायचं होतं.