सहा महिन्यांनी आपोआप

हातमोजे आल्याशिवाय वेंडेल मळक्या चादरींच्या पिशवीला हात लावत नसे, आणि शेजारच्यालाही लावू देत नसे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत माझा तो पहिलाच दिवस होता. मोज्यांचा खोका संपलेला, वर वॉर्डात चादरींची बोंब, आणि सुपरवायझर 'चला, चला' करत मागे उभा. मी लगेच वाकलो. परका देश, नवी नोकरी, नुकतंच हातात पडलेलं ग्रीन कार्ड; कुणी विस्तवात हात घाल म्हटलं असतं तरी मी घातला असता. तेवढ्यात एका धिप्पाड काळ्या माणसानं माझी कॉलर धरून मला सरळ उभं केलं.

"यात सुया असतात," तो म्हणाला. मग सुपरवायझरकडे वळून, आवाज न चढवता, "मोजे येऊ देत. आम्ही कुठे पळून जात नाही."

आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मीही राहिलो. मोजे आले. त्या दिवशीच्या पिशव्यांतून एकही सुई निघाली नाही. पुढे कधीमधी निघाल्या.

मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. सुनंदा, माझी बायको, नर्स. तिच्या नोकरीच्या जोरावर आम्ही नागपूरहून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो. इथे ओळखीचे मराठी लोक सगळे कॉम्प्युटरवाले. कुणी "तुम्ही कुठे असता?" विचारलं की मी "हेल्थकेअरमध्ये" म्हणून मोकळा व्हायचो, आणि वाढलेल्या ताटाकडे वळायचो. वेंडेलनं मला कधी काही विचारलं नाही. पहिल्या हिवाळ्यात चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये बर्फावर गाडी कशी चालवायची ते शिकवलं. इंग्रजी फॉर्म भरताना माझा हात अडला की पेन काढून घ्यायचा नाही, नुसता शेजारी बसायचा. मला तो 'शिपमेट', म्हणजे बोटीवरचा सोबती, म्हणायचा. सुनंदा त्याला 'वेंडेलभाऊ' म्हणायची, आणि त्याला वाटायचं, ते त्याच्या नावाचं भारतीय रूप आहे. फोनवर स्वतःच सांगायचा, "वेंडेलभाऊ बोलतोय."

त्याचं एक पेटंट वाक्य होतं: "सहा महिन्यांनी आपोआप." इस्त्रीचं मशीन बंद पडलं, कधी दुरुस्त होणार? "सहा महिन्यांनी आपोआप." पगारवाढ? "आपोआप, शिपमेट. सहा महिने थांब." सगळे हसायचे. तो हसायचा नाही. मला वाटायचं, ही त्याची विनोदाची तऱ्हा आहे.

तेव्हा इराकची लढाई सुरू झाली होती. गाड्यांच्या मागे सैनिकांच्या पाठिंब्याचे, पिवळ्या फितींचे स्टिकर दिसायचे, आणि दुकानात कुणी सैनिक दिसला की लोक थांबून त्याचे आभार मानायचे. नोव्हेंबरमध्ये माजी सैनिकांचा दिवस आला की हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये केक कापत आणि सैन्यात राहिलेल्या कामगारांना उभं राहायला सांगत. किचनमधला एक म्हातारा, लाँड्रीतला एक पोरगेला शिपाई उभे राहायचे. वेंडेल बसून सूप प्यायचा.

"तू नेव्हीत होतास ना रे?" एकानं सगळ्यांसमोर विचारलं.

"नाही. मी बोटीवर पाहुणा होतो," वेंडेल म्हणाला. "त्यांनी मला जेवायला घातलं, मी भांडलो, त्यांनी मला उतरवलं."

लोक हसले. मी त्याच्या शेजारी होतो. चमचा वाडग्यात उभा धरून तो एकटक त्या केककडे बघत होता.

खरी हकीकत त्यानं मला एका दुपारी गाडीत सांगितली. एकोणिसाव्या वर्षी तो नेव्हीत भरती झाला. काम बोटीच्या पोटात, बॉयलरच्या खोलीत. वाफेच्या नळांवर अ‍ॅस्बेस्टॉसचं पांढरं वेष्टण असायचं. ते जुनं झालं की हातानं ओरबाडून काढायचं आणि नवं बसवायचं. त्याची धूळ अशी उडायची की समोरचा माणूस दिसत नसे. दोन वर्षं त्यानं ते केलं. मग बरोबरचा एक पोरगा खोकता खोकता रक्त थुंकला. दुसऱ्या दिवशी वेंडेल शिडीच्या वरच थांबला आणि म्हणाला, "तोंडाला मास्क द्या, मग उतरतो." लेफ्टनंट म्हणाला, उतर. हा म्हणाला, मास्क. असं तीनदा झालं. हुकूम मोडला म्हणून खटला भरायची तयारी झाली. ऑफिसमधल्या कारकुनानं त्याला समजावलं: खटला कशाला ओढवून घेतोस, इथे सही कर आणि घरी जा. शेरा वाईट पडेल, पण सहा महिन्यांनी तो आपोआप चांगला होतो.

"आणि मी सही केली," वेंडेल म्हणाला. "सहा महिन्यांनी मी पोस्टमनची वाट बघायला लागलो. माझी आई रोज विचारायची, आलं का रे."

असा काही नियम नव्हता. कधीच नव्हता. पण तेव्हा कित्येक पोरांना असंच सांगितलं गेलं होतं, हे त्याला पुढे कळलं.

इथे सैन्यातून सुटताना कागद मिळतो, त्यावर शेरा असतो. 'ऑनरेबल' म्हणजे सन्मानाने. वेंडेलच्या कागदावर होतं 'अदर दॅन ऑनरेबल'. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' म्हणून रकाना असतोच की. माझ्या दाखल्यावर हेडमास्तरांनी आधी 'असमाधानकारक' लिहिलं होतं. आमच्या वस्तीतल्या पोरांनाच रोज मैदान झाडायला लावत, मी एक दिवस झाडू टाकून दिला होता. त्या दाखल्यावर गिरणीतसुद्धा कुणी उभं करेना. मग माझे वडील मला घेऊन शाळेत गेले, हात जोडले, म्हणाले, "चुकलं गुरुजी, लेकरू आहे." गुरुजींनी चष्मा पुसला, नवा दाखला काढला, त्यावर 'चांगली' लिहिलं. एवढं सोपं.

वेंडेलला मात्र शेरा बदलून घेणं निकडीचं झालं होतं. त्याला धाप लागायला लागली होती. आधी जिन्यावर, मग ट्रॉली ढकलताना, मग बोलताना. सुनंदानं एकदा त्याच्या पाठीला कान लावला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. फुप्फुसांत तीच धूळ होती. पुढे लाँड्रीनं त्याला काढलं, त्याबरोबर आरोग्यविमाही गेला. माजी सैनिकांचं हॉस्पिटल होतं, तिथे या आजाराचे खास डॉक्टर होते, पण दारावर कागद बघत. तो शेरा बदलल्याशिवाय आत घेणार नव्हते. त्यानं असे शेरे तपासणाऱ्या नेव्हीच्या बोर्डाकडे अर्ज केला होता, जे घडलं तसं सगळं लिहून. उत्तर आलं: नोंदीत चूक आढळत नाही, सही आपण स्वखुशीने केली होती. नवीन पुरावा असल्यास कळवावे.

मी म्हटलं, "ज्यानं शेरा लिहिला, त्यालाच भेटू ना."

वेंडेल माझ्याकडे बघतच राहिला. असं कुणी करतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "भेटून काय करू?"

"सांगायचं, साहेब, मी मास्क मागितला होता एवढं लिहून द्या. माणूसच आहे तो. म्हातारा झाला असेल."

सुनंदानं इंटरनेटवर तो लेफ्टनंट शोधून काढला. विस्कॉन्सिनमध्ये तळ्याकाठी राहत होता. फोनवर "या" म्हणाला. मी शिकागोच्या देशी दुकानातून पेढे घेतले. मोकळ्या हातानं कसं जायचं. वेंडेलनं इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चमकवले. गाडीत तो सारखा ओठ हलवत होता. काय बोलायचं ते तीस वर्षं त्याच्याकडे तयार होतं.

साहेब खरंच म्हातारे झाले होते. सभ्य माणूस. लिंबू सरबत दिलं, बसवलं. त्यांच्या बाईंनी पेढ्यांचा डबा उघडून वास घेतला आणि विचारलं, हा साबण का? वेंडेलनं बोटीचं नाव सांगितलं, साल सांगितलं, शिडी, मास्क, सगळं सांगितलं. साहेबांनी बराच वेळ आठवून बघितलं.

"सॉरी," ते म्हणाले. "मला तुम्ही आठवत नाही. अशी पोरं खूप होती हो. मी खूप सह्या केल्या." मग थोड्या वेळानं, "आणि मास्क तेव्हा कुणीच लावत नसे. असते तर दिले असते की."

"तेवढंच लिहून द्याल का?" मी विचारलं.

"जे आठवत नाही ते कसं लिहून देऊ?"

खोटं बोलत नव्हते. तेच तर वाईट होतं. परत येताना अर्ध्या रस्त्यात वेंडेलनं शर्टाचं वरचं बटण सोडलं. मग म्हणाला, "तीस वर्षं मी त्या माणसाशी भांडतोय. आणि तो घरातच नव्हता."

सैनिकांचे अर्ज फुकट भरून देणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी फाइल वाचली आणि सरळ सांगितलं, "बोर्डाला न्याय मागू नका, बोर्ड तो देत नाही. दया मागा. पश्चात्ताप झालाय म्हणा, त्यानंतर नीट वागलात असं म्हणा. बरेचदा देतात."

त्या रविवारी वेंडेल आमच्याकडे जेवायला होता. झुणका, भाकरी, भात. त्याला आता घास आणि श्वास दोन्ही जमत नसे, एकेक घास घेऊन थांबायचा. मी म्हटलं, "मागून टाक माफी. शब्दच तर आहेत."

सुनंदानं पळी खाली ठेवली आणि मराठीवर आली. "काहून मागायची त्यानं माफी? काय चुकलं त्याचं?"

"अगं, चुकलं नाही, पण काम तर झालं पाहिजे."

"आपले आजे-पणजे हेच म्हणत मेले. चुकलं मायबाप, चुकलं मायबाप. तुमच्या बाबांनी हात जोडले, तुम्हाला 'चांगली' मिळाली. झाडू कोण मारत होतं मग त्या शाळेत? बाकीची पोरंच ना?"

"तू काय बोलून राहिली? त्याला बेड पाहिजे बेड. तत्त्व घेऊन मरू दे का त्याला?"

"ती काय म्हणतेय?" वेंडेलनं विचारलं.

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं. त्यानं सुनंदाकडे बघून मान झुकवली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "शिपमेट, तुम्ही दोघंही बरोबर आहात. पण फुप्फुसं माझी आहेत."

त्या अर्जवाल्या बाईंनीच जबाब टाइप केला. वेंडेलनं त्यांच्या टेबलाशी तो मोठ्यानं वाचला: 'मी तेव्हा वयाने लहान आणि अपरिपक्व होतो. वरिष्ठांचा हुकूम मोडल्याचा मला मनापासून पश्चात्ताप होतो.' चष्मा काढून म्हणाला, "कोण हा माणूस? मी याला माझ्या बोटीवर घेतला नसता." आणि सही केली. आमच्या विहारातल्या चार जणांनी आणि लाँड्रीतल्या सगळ्यांनी, अगदी त्या सुपरवायझरनंसुद्धा, त्याच्या चांगल्या वागणुकीबद्दल लिहून दिलं. 'कामगारांच्या सुरक्षेबाबत नेहमी दक्ष,' असं सुपरवायझरनं लिहिलं होतं.

दीड वर्षानं शेरा बदलला. पश्चात्ताप लक्षात घेऊन, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी पेढे घेऊन गेलो. वेंडेल ऑक्सिजनची नळी लावून खुर्चीत बसला होता. "कशाचे?" त्यानं विचारलं. मी डबा उघडून पुढे केला. त्यानं एक घेतला आणि हातातच धरून ठेवला. म्हणाला, "आतापर्यंत ते खोटं त्यांचं होतं. आता खाली माझी सही आहे."

तो त्यानंतरचा उन्हाळा बघू शकला नाही. पण तो हिवाळा त्यानं त्या हॉस्पिटलमध्ये काढला. स्वच्छ खोली, बटणावर वर-खाली होणारा पलंग, रात्री दुखलं तर लगेच येणारी नर्स. मी कामावरून सुटलो की तिथे जायचो, आणि दर वेळी दारात मला बरं वाटायचं. आज कुणी विचारलं तर मी पुन्हा त्याला तेच सांगेन, मागून टाक म्हणून. सुनंदाला हे माहीत आहे. या विषयावर आम्ही बोलत नाही.

तिथे पोचल्या दिवशी त्याला दाखल करून घ्यायला एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. फार गोड बोलायच्या. आत येताच त्याचा हात हातात घेऊन त्यांनी देशसेवेबद्दल त्याचे आभार मानले. असं त्याला कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं, आणि त्यानं ते नुसतं ऐकून घेतलं. मग त्या शेजारी बसून एकेक विचारत गेल्या. बोट कुठली, काम काय, धुळीत किती वर्षं. त्यानं सगळं सांगितलं, मध्ये मध्ये थांबत.

"आणि ते काम करताना," त्यांनी काळजीनं विचारलं, "तोंडाला मास्क नव्हता का लावला?"

वेंडेलनं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असतं तर तो शिडीपासून सगळं सांगू शकला असता. पण त्यानं श्वास गोळा केला आणि शाळेतलं पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा म्हणाला, "नाही, डॉक्टर. मी तेव्हा वयाने लहान आणि अपरिपक्व होतो."

बाईंनी सहानुभूतीनं मान हलवली आणि ते लिहून घेतलं.