शुक्रवारची कोरडी पट्टी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून कामाला लागणारी बाई मी. तरीही हे लिहिते आहे... कुणाला उलगडलं तर कळवा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत, मिरकरवाड्यात आमचं बिऱ्हाड होतं. हे शेजारच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. तिथेच बर्फ फोडायच्या मशीनपाशी यांच्या पायावर लादी पडली. जखम भरेना. दिवसभर ते मशीन आमच्या भिंतीपलीकडे खडखडायचं.

डॉक्टर म्हणाले, "असल्या आवाजात झोप नाही. झोप नाही तर जखम भरणार कशी? शांत जागी न्या, नाहीतर पंजा कापावा लागेल."

पटलं. त्याच दिवशी कापूस, औषधं, पट्ट्या बांधून एसटीने देवरूखला नणंदेकडे गेलो. तिथे पाखरांखेरीज आवाज नाही. हे गाढ झोपायचे. तरी पट्टी रोज पुवाने ओली! फक्त शुक्रवारी कोरडी.

"वयनी, आज पट्टी धुतलीस नाय?" नणंदेने विचारलं.

"कोरडीच आहे."

पडवीतून हे म्हणाले, "शुक्रवार ना? नमाजाचा दिवस, आज आमच्याकडे होड्या जात नाहीत, बर्फ लागत नाही. मशीन बंद असेल."

पुढच्या शुक्रवारीही तेच. मग एका बुधवारी पट्टी कोरडी निघाली.

"चुकला गो तुझा शुक्रवार!" नणंद हसली. मलाही हायसं वाटलं.

संध्याकाळी यांचा सोबती इक्बाल भेटायला आला. म्हणाला, "भाभी, सकाळीच मशीनचा पट्टा तुटला, म्हणून तर यायला फावलं. तिकडे बर्फासाठी नुसती बोंबाबोंब!"

नणंदेने माझ्याकडे पाहिलं.

तोवर पंजा कापायच्या ऑपरेशनचा दिवस ठरला होता. मी एकटीच रत्नागिरीला डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, "पावसाळ्यात होड्या वर ओढतात, मशीन थांबतं. तोवर थांबा."

"बाई, मी पायाकडे बघू की बंदराकडे? विष वर चढलं तर अख्खा पाय जाईल. जबाबदारी कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. बाहेर येऊन देवरूखची एसटी पकडली.

होड्या वर आल्या, मशीन थांबलं. आणि देवरूखात जखम भरत गेली — पूर्ण.

नारळी पौर्णिमेनंतर घरी परतलो. मशीन पुन्हा खडखडलं तेव्हा मी श्वास रोखून व्रणाकडे बघत होते. कोरडा! डॉक्टरांचं आवाजाबद्दलचं म्हणणं खरंच असेल. पण कानावर न पडलेल्या आवाजाचं काय? आणि आता का नाही? मला आजही सांगता येत नाही.

हे मात्र चप्पल चढवत म्हणाले, "बघत काय बसलीस? डबा भर. उशीर होतोय."